गाव नव्यानं मांडताना

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. नांदेड

वर्गात आज प्राचीन ग्रीस सुरू केलं. फळ्यावर नकाशा काढला: समुद्रात बोटं रोवल्यासारखी जमीन, मधे डोंगर, आणि डोंगरांच्या बेचक्यांत एकेक नगर. मुखेडकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, यांचा राजा कोण होता?" मी विचारलं, "कुणाचा? अथेन्सचा, स्पार्टाचा, कॉरिंथचा, का थीब्जचा?" ती गोंधळली. दोष तिचा नाही. देश म्हटला की राजा, राजधानी आणि सनावळी, असंच आपण शिकवत आलो. ग्रीस नावाचं एक राज्य तेव्हा नव्हतंच. हजाराच्या आसपास नगरं होती, प्रत्येकाचा कारभार वेगळा, देव तेच आणि भाषा तीच. नगराला ते 'पोलिस' म्हणत, हे ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकली. पिकू दिली.

घरी येऊन पुढच्या तासाची टिपणं काढली. लोकशाही ही फार पुढची गोष्ट. त्याआधी जळालेले वाडे आहेत. इ.स.पू. १६०० ते १२०० या काळात मायसीनी, पायलोस, थीब्ज इथं मोठे वाडे होते. वाड्यात 'वानाक्स', म्हणजे राजा. त्याचे कारकून ओल्या मातीच्या पाट्यांवर हिशेब ठेवत: मेंढ्या किती, तेल किती, कुठल्या कारागिराला किती कांसं दिलं. इ.स.पू. १२०० च्या सुमारास हे वाडे एकामागून एक पडले आणि जळले. त्या आगीत पाट्या भाजून निघाल्या म्हणून टिकल्या. मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदानं १९५२ साली ती लिपी वाचली, तेव्हा कळलं की भाषा ग्रीकच आहे.

त्या पाट्यांवरचा एक शब्द दिवसभर मनातून जात नाही. 'बासिलेउस'. पाट्यांवर तो गावपातळीवरचा मुकादम आहे, कांस्यकारांच्या कामावर देखरेख करणारा. वाडे गेले, वानाक्स गेला, लिहिण्याची विद्यासुद्धा लोक विसरले. मुकादम तेवढा आपल्या जागी राहिला. चार-पाचशे वर्षांनी होमरच्या काव्यांत बासिलेउस म्हणजे राजा झालेला दिसतो. आपल्याकडे यादव गेले, बहामनी गेले, मुघल आले, निजाम आला, आणि गावचा पाटील आपल्या ओट्यावर बसूनच होता. वर्गात असं सांगितलं तर पुढं फोड करून सांगायची गरज पडणार नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार. गाव (औसा तालुका)

झेंडावंदन आणि ग्रामसभा या दोन्हींसाठी गावी आले. आमची गावं दोन आहेत, जुनं आणि नवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माळवदं त्या पहाटे अंगावर आली. आमची आजी त्यात गेली. पाटलाची गढी पडली, आणि तिच्या सावलीत उभी राहिलेली गल्ल्यांची सगळी मांडणीही पडली. पुढं बावन्न गावं दुसऱ्या जागी वसवली गेली, त्यांतलं आमचं एक.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. मोजली तर साठसुद्धा भरली नाहीत. अर्धा तास वाट पाहिली आणि सभा तहकूब. सरपंच बाई उभ्या राहून शांतपणे वाचत होत्या, खुर्चीवर बसलेले दोघेतिघे त्यांच्या वतीनं उत्तरं देत होते. मला फार वाईट वाटलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचनाफलक आहे, त्याची काच फुटलेली, आत मागच्या वर्षीचा एकच कागद, शाई उडालेला.

परत येताना आमचे तात्या म्हणाले, "लोक येत नाहीत म्हणून ओरडून काय उपयोग? मागच्या सभेत काय ठरलं, हेच कुणाला ठाऊक नाही. मग पुढच्या सभेला येतील कशाला?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे.

२५ ऑगस्ट, रविवार. तेर

लातूरहून मुरूड, ढोकी, मग तेर. सकाळी संत गोरोबाकाकांच्या समाधीपुढं डोकं टेकवलं. मग त्रिविक्रमाच्या देवळात गेले. मूळचं ते विटांचं चैत्यगृह, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

इसवीसनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक प्रवासी-व्यापारी टाचण आहे, 'पेरिप्लस'. लिहिणारा इजिप्तकडचा ग्रीक बोलणारा व्यापारी असावा, त्याचं नाव राहिलं नाही. त्यात लिहिलंय की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं नगर. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाते. फ्लीट या अभ्यासकानं १९०१ च्या सुमारास दाखवून दिलं की तगर म्हणजे हेच तेर. इथं सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली मिळालेली मूर्ती यांच्यात सारखेपणा आहे. लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात तासभर फिरले. मण्यांच्या कपाटापुढं एका शाळेची सहल आली होती, तिथली मुलं माझ्यापेक्षा जास्त शांत होती.

म्हणजे मी वर्गात ज्यांना लांबचे लोक म्हणून शिकवते, त्यांना आपल्या शेजारचं गाव नावानं माहीत होतं. आपणही त्यांना ओळखत होतो. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांवरून इराण्यांनी 'यौन' केलं, आपण 'योन' आणि 'यवन' केलं. कार्ल्याच्या चैत्यातले कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत, तसं त्या खांबांवरच कोरलंय. यवन म्हणजे मुसलमान हा अर्थ फार नंतरचा. हे मी यंदा मुलांना खडसावून सांगणार आहे.

२९ ऑगस्ट, गुरुवार. नांदेड

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर. पाणी गढूळ आणि चढतं.

बौद्धांच्या अंगुत्तर निकायात सोळा महाजनपदांची यादी आहे. त्यांतलं विंध्याच्या खाली एकच, अस्सक, म्हणजे अश्मक, आणि ते याच नदीकाठचं. त्याची राजधानी पोतन, ती आजचं बोधन असं बहुतेक अभ्यासक धरतात. बिलोलीकडून मांजरा ओलांडली की बोधन. लातूरची मांजरा आणि नांदेडची गोदावरी कंदकुर्तीला एकमेकींना मिळतात, आणि तिथून जुनी राजधानी फार लांब नाही. सुत्तनिपातात बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण अस्सकांच्या मुलखात गोदेकाठी राहतो आणि त्याचे सोळा शिष्य पैठण, महिष्मती, उज्जैन करत बुद्धाला भेटायला निघतात. लहानपणी हे कुणी सांगितलं नाही मला. आमच्या पुस्तकातला इतिहास नेहमी गंगेच्या काठी घडायचा.

अश्मकात राजा होता. वैशालीच्या वज्जींकडे गणसंघ होता, सभेत बसून ठरवणारा. ग्रीसमध्येही त्याच शतकांत दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी नांदत होत्या. आपल्या नदीकाठी गणराज्य होतं असं सांगायला मला आवडलं असतं. नव्हतं, म्हणून सांगणार नाही.

२ सप्टेंबर, सोमवार. नांदेड. पोळा

कालपासून पावसानं धरलंय. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, सखल वस्त्यांत पाणी. ओळखीच्या घरांतून सोयाबीन गेल्याचे फोन. पोळ्याच्या दिवशी बैल गोठ्यातच उभे आहेत.

तास नाही म्हणून वाचत बसले. क्रीट बेटावर द्रेरोस नावाचं छोटं नगर होतं. तिथल्या अपोलोच्या देवळाच्या भिंतीवर इ.स.पू. ६५० च्या सुमारास एक कायदा कोरला गेला. ग्रीकांचा दगडावर कोरलेला जो सर्वांत जुना कायदा हाती आहे, तो हा. तो खून-चोरीचा असेल असं मला वाटायचं. तो आहे कारभाऱ्यावर. एकदा जो 'कॉस्मॉस' झाला, त्यानं दहा वर्षं पुन्हा त्या जागी बसायचं नाही. बसला तर त्यानं दिलेले निवाडे रद्द, ठोठावलेल्या दंडाच्या दुप्पट त्यालाच दंड, आणि हक्क गेले. नगरानं असं ठरवलं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. राजानं नव्हे, देवानं नव्हे, नगरानं. मला ग्रीक राज्यव्यवस्थेची सुरुवात अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या भाषणांत दिसत नाही, ती या भिंतीत दिसते. सगळं गाव पूजेला येतं तिथंच लिहिलं, म्हणजे कारभाऱ्याला 'मला ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय उरली नाही.

मग नाशिकची आठवण झाली. पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्षूंची वस्त्रं आणि इतर गरजा यांसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण. शेवटी म्हटलंय की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. सभा आणि फळा! जहागीरदार नव्हे, राजाचा जावई, आणि त्यालाही आपला दानाचा व्यवहार गावसभेत ऐकवावा लागला. अथेन्समध्ये सोलोनचे कायदेही लाकडी फळ्यांवरच लिहिले होते, फिरवून वाचता येतील असे बसवलेल्या.

इतकं वाचल्यावर आमच्या ग्रामपंचायतीची ती फुटकी काच डोळ्यांपुढून हलेना.

५ सप्टेंबर, गुरुवार. नांदेड

पाणी ओसरतंय. वर्गात निम्मी मुलं. जी आली, त्यांना क्लेइस्थेनीस शिकवला, इ.स.पू. ५०८. अथेन्समधली जुनी घराणी आपापली कुळं धरून भांडत. त्यानं ॲटिका प्रांतातल्या १३९ वस्त्यांची नव्यानं मोट बांधली. किनारा, शहर आणि आतला भाग यांतला एकेक तुकडा घेऊन दहा जमाती केल्या, प्रत्येकीतून पन्नास याप्रमाणे पाचशेंची परिषद. आणि माणसानं बापाच्या नावाऐवजी वस्तीच्या नावानं ओळखलं जावं, असा प्रघात पाडला. एका मुलाला लगेच उमगलं: "म्हणजे आपलं लातूरकर, औसेकर, उदगीरकर!" तेच. आपल्या 'कर'मागं कुळ लपतं, गाव पुढं येतं. माझ्याजवळ याहून चांगलं उदाहरण नव्हतं.

पुढं बहुतेक अधिकारपदं चिठ्ठ्या टाकून भरत, हे सांगताच तहसीलमधली सरपंचपदाची आरक्षण सोडत सगळ्यांना आठवली, लहान लेकराच्या हातून चिठ्ठी काढतात ती. तमिळनाडूत उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या लेखातही घागरीतून चिठ्ठी काढणारं लेकरूच आहे.

मुखेडच्या मुलीनं विचारलं, "बायका होत्या का सभेत?" नव्हत्या. गुलाम नव्हते, बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलेही नव्हते. अथेन्सच्या सभेला मोठं म्हणताना हे त्याच वाक्यात म्हणायला हवं. आपल्याकडे २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिची आई सदस्य आहे, असं ती म्हणाली आणि खाली बसली.

११ सप्टेंबर, बुधवार. गाव. महालक्ष्म्या

पुरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, घरभर हळदीकुंकवाचा वास. आई नव्या घरात तीस वर्षं महालक्ष्म्या बसवते आहे, तरी मुखवटे मांडताना एकदा तरी म्हणते, "जुन्या घरी देवळी बरी होती."

जेवणं झाल्यावर तात्यांना सोलोनची गोष्ट सांगितली. इ.स.पू. ५९४. ॲटिकातला लहान शेतकरी कर्जात बुडाला होता. शेतात गहाणाचे दगड रोवलेले. फेडता आलं नाही तर शरीरच तारण, बायकापोरांसकट परमुलखात विक्री. सोलोननं ते दगड उपटले, अंगावर कर्ज देणं कायमचं बंद केलं, विकलेल्यांपैकी जे सापडले त्यांना परत आणलं. त्या कामाला अथेन्सकरांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो ओझं झटकणं.

तात्या म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा उतरवला म्हण की." मी शब्द शोधत बसले होते आणि तो तलाठ्याच्या दप्तरात होता! सुप्यात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यानंतर १८७९ च्या कायद्यानं कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणं थांबवलं, हेही सांगितलं. ते इंग्रजी मुलखात. आपण तेव्हा निजामाकडे, आपल्याला तो कायदा नव्हता. तात्या बराच वेळ गप्प होते. गावात या वर्षीसुद्धा एक घर कर्जापायी उघडं पडलंय.

मग विषय निघाला नव्या गावाचा. सोलोननं पिकाच्या मापावर माणसांचे चार वर्ग केले, पाचशे मापं, तीनशे, दोनशे आणि त्याखालचे. पदं त्या त्या वर्गाप्रमाणे, पण सभेत बसायला चौघेही. आमच्या पुनर्वसनात घरं मिळाली जमिनीच्या मापावर: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना अडीचशे चौरस फूट, सातपर्यंत चारशे, त्यावर साडेसातशे. तात्यांना सगळं पाठ आहे. "पत्र्याच्या शेडात बसून तीन महिने भांडलो आम्ही," ते म्हणाले. "जुन्या गावात कोण कुठं राहायचं ते ठरलेलंच होतं, विचारायचं कुणाला? नव्या जागी पहिल्यांदा सगळ्यांना तोंड उघडावं लागलं. जो कधी गढीच्या पायरीवर चढला नव्हता, तोही बोलला."

ग्रीकांनी इ.स.पू. ७५० नंतर सिसिलीपासून काळ्या समुद्रापर्यंत नवी नगरं वसवली. जुन्या घराण्यांचा वचक मागं राहिलेला, जमीन नव्यानं वाटायची, चिठ्ठ्या टाकायच्या, देऊळ आणि चौक कुठं हे ठरवायचं. इटलीतल्या लोक्री या अशाच एका वसाहतीनं झालेउकसकडून लेखी कायदे करवून घेतले, असं जुने ग्रीक मानत. कायदा लिहून ठेवायची निकड नव्या गावांना आधी भासली असं मी आजवर पुस्तकातलं म्हणून सांगायचे. आता तात्यांच्या तोंडून ऐकलं.

"त्या तीन महिन्यांत जे जे ठरलं ते लिहिलं होतं का कुठं?" मी विचारलं.

तात्या आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून शाळेची दोनशे पानी वही घेऊन आले. कुणाचा भूखंड कुठला, विहिरीला वाट किती हात, मारुतीचा पार कुठं, स्मशानाला जागा किती. खाली सह्या आणि अंगठे. शेवटच्या पानांवर आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे अंगठे आहेत. आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत ती वाचत बसलो. मी पानांचे फोटो काढून घेतले.

१७ सप्टेंबर, मंगळवार. नांदेड

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन. १९४८ साली याच दिवशी निजामाची सत्ता संपली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाच्या इथल्या विद्यापीठालाही आज तीस वर्षं झाली. देशाला स्वातंत्र्य मिळून तेरा महिने झाले तरी आपण एका माणसाच्या मर्जीवर होतो, हे मुलांना आकडा सांगून खरं वाटत नाही. तात्यांच्या वडिलांनी पहिलं मत १९५२ साली दिलं, चाळिशी उलटल्यावर. वर्गात एवढंच सांगितलं, मग सगळे शांत बसले.

संध्याकाळी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीच्या गलक्यात तात्यांचा फोन. सरपंच बाईंनी वहीतली पानं पाहिली. जुने ठराव आणि यंदाच्या जमाखर्चाचा कागद, दोन्ही लावायचं त्यांनी कबूल केलंय. सुताराकडून नवा फळा करून घेतला, सहा फूट बाय चार. फुटक्या काचेच्या पेटीत नाही, मारुतीच्या पारामागच्या भिंतीवर बसवला, कारण शनिवारी सगळं गाव तिथं येतं. ही जागा तात्यांनी सुचवली. द्रेरोसच्या देवळाबद्दल मी त्यांना काही बोलले नव्हते.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजता, पारावर. सूचना २४ तारखेला फळ्यावर लागेल.